स्वीडिश मध्यम पातळीला येऊन अडकलंय : पुढं डॅनिश, नॉर्वेजियन की थेट जुनी नॉर्स?

ओतकाम_शिरोली (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्या मालाचं मोठं गिऱ्हाईक स्वीडनचं. हल्ली ड्रॉइंग इंग्रजीत येतं, पण जुन्या पार्टची ड्रॉइंग अजून स्वीडिशमध्येच आहेत आणि कोपऱ्यातल्या टिपा कुणालाच लागायच्या नाहीत. त्या लावता लावता मला या भाषेचा नाद लागला. आधी मोबाईलवरचं ॲप, मग व्याकरणाचं पुस्तक, मग स्वीडिश रेडिओच्या सोप्या भाषेतल्या बातम्या. कोल्हापुरात जर्मन, जपानीचे क्लास मिळतात. स्वीडिश शिकवणारं मला तरी कुणी सापडलेलं नाही. त्यामुळं सगळा अभ्यास रात्री पोरं झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

आता मी बी-वन म्हणतात त्या पातळीला आहे. मेल लिहिता येतो, साधी बातमी कळते, कादंबरी घेतली की दुसऱ्या पानावर दम लागतो. ही मधली अवस्था लई कंटाळवाणी आहे. सुरुवातीला रोज काहीतरी नवीन हाताला लागायचं, आता महिना गेला तरी पुढं सरकल्यासारखं वाटत नाही.

मध्यंतरी एका डॅनिश कंपनीचा टेस्ट रिपोर्ट समोर आला. सहज वाचायला घेतला तर बरंचसं कळत होतं! पण गंमत अशी, की जो शब्द मी दिवसभर वापरते तोच त्यात नव्हता. बिडाला स्वीडिशमध्ये 'युतयार्न' म्हणतात, तिथं होतं 'स्तोबेयेर्न'. लोखंड तेच, ओतणं वेगळं. मग डॅनिश बातम्या लावल्या, तर एक अक्षर कळेना. तोंडात गरम बटाटा धरून बोलतात असं वाचलं होतं, ते खोटं नाही.

तर विचारायचं असं. या सगळ्या भाषा हजार वर्षांपूर्वी एकच होत्या म्हणतात, तीच जुनी नॉर्स. त्यांचा सामायिक इतिहास शिकल्यानं माझं हे अडकलेलं गाडं हलेल, की तो निव्वळ हौसेचा मामला आहे? डॅनिश, नॉर्वेजियन पहिल्या धड्यापासनं शिकायच्या का? नॉर्वेजियनच्या तर लिहायच्या भाषाच दोन, त्यातली कुठली धरायची? आणि जुनी नॉर्स आत्ताच सुरू केली तर डोक्यात खिचडी होईल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. 'आधी इंग्रजी नीट करा' असं सांगणाऱ्यांनी कृपया लांबनं नमस्कार घ्यावा.

---

माल्मोकर (मूळ राजारामपुरी)

ताई, नाद खुळा प्रश्न! मी स्वीडनच्या माल्मोत राहतो आणि नोकरीला रोज समुद्रावरच्या पुलावरनं रेल्वेनं डेन्मार्कात, कोपनहेगनला जातो. हा पूल २००० साली झाला, त्याआधी बोटीशिवाय सोय नव्हती. म्हणजे रोज सकाळी मी स्वीडिशमधनं डॅनिशमध्ये जातो आणि संध्याकाळी परत.

माझं मत रोखठोक आहे. इतिहास-बितिहास नंतर. डॅनिश वाचणं आणि डॅनिश ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमचं घोडं ऐकण्यात अडलंय. डॅनिश लोक लिहितात जुन्या वळणानं आणि बोलतात ते निम्मं गिळून. वर त्यांचा 'स्टोड'. घशात बारीक अडखळ येते, अगदी क्षणभर. 'ती' आणि 'कुत्रा' हे दोन शब्द डॅनिशमध्ये कानाला जवळजवळ सारखेच, दोन्ही 'हून'. कुत्र्यातला शेवटचा द उच्चारत नाहीत. फरक फक्त त्या अडखळीचा. लिहिलेलं बघून हे कधीच कळणार नाही.

स्वीडिशमध्ये हेच काम सुराच्या चढउतारानं होतं. 'आन्देन' एका सुरात म्हटलं तर बदक, दुसऱ्या सुरात म्हटलं तर आत्मा. तुमच्या ॲपनं हे शिकवलं नसणार. आधी तो सूर पकडा. स्वीडिशचा सूर पक्का झाला की डॅनिशची अडखळ कुठं येणार याचा अंदाज यायला लागतो, कारण जिथं स्वीडिश-नॉर्वेजियनमध्ये पहिला सूर, साधारण तिथंच डॅनिशमध्ये स्टोड.

आणि फसवे शब्द वहीत वेगळे लिहून ठेवा. 'रोलिग' म्हणजे स्वीडिशमध्ये मजेदार, डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये शांत. 'बी' म्हणजे स्वीडिशमध्ये खेडं, पलीकडं शहर. डॅनिश माणसानं 'फ्रोकोस्त'ला बोलावलं तर दुपारी जायचं, नॉर्वेजियननं बोलावलं तर सकाळी.

एक कबूल करतो, ऑफिसात नॉर्वेजियन माणूस असला की मीटिंग सुरळीत चालते. त्याला आम्हा दोघांचंही कळतं आणि आम्हा दोघांनाही त्याचं कळतं. तो नसला की पाच मिनिटांत गाडी इंग्रजीवर.

---

मोडीवाचक (मंगळवार पेठ)

वरच्या भावानं कानाचं सांगितलं ते मान्य. मी डोळ्यांचं सांगतो.

मी पेठेतला म्हातारा माणूस. लोकांना मोडी कागद वाचून देतो: वतनाचे, इनामाचे, भाऊबंदकीच्या वाटणीचे. डॅनिशकडं वळलो ते तंजावरमुळं. तरंगंबाडीला, म्हणजे ट्रँकेबारला, १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिश लोकांची वखार होती. सुरुवातीला त्यांचा करार झाला तो नायक राजाशी. पुढं १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि डॅनिश लोकांचे शेजारी झाले भोसले. व्यवहार म्हटला की कागद आले. तंजावरची मोडी कागदपत्रं आजही कोपनहेगनच्या संग्रहांत आहेत, आणि १९८३ साली ती अभ्यासून छापलीही गेली. हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. मोडी बाजू मला लागते, पण त्याच व्यवहाराची दुसरी बाजू डॅनिशमध्ये! म्हणून या वयात शिकायला बसलो. आणखी एक सांगतो, १८०५ साली विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते श्रीरामपूरला, बंगालमधल्या, आणि तेव्हा त्या गावावर झेंडा होता डेन्मार्कच्या राजाचा. आपल्या भाषेच्या सुरुवातीच्या एका छापील व्याकरणावर डॅनिश छत्र होतं म्हणा की.

असो. विषयांतर करायची सवय आहे, मुद्द्यावर येतो.

ओतकामताई, तुमचा शब्द डॅनिशमधनं गायब झालेला नाही, त्यानं फक्त काम बदललंय. स्वीडिशमध्ये ओतण्याला 'युता', त्याचं डॅनिश भावंड 'ग्यूदे' (स्वीडिशमध्येही सुरुवातीला ग लिहितात, बोलताना गिळतात). डॅनिशमध्ये ते तेल ओतायला वापरतात, किंवा माशानं अंडी घालण्याला. उलट डॅनिशमधल्या 'स्तोबे'चं भावंड स्वीडिशमध्ये 'स्तोपा'. तुमच्याकडं ते मेणबत्त्या ओतायला वापरतात. नॉर्वेजियन 'स्तोपे'. आइसलँडिक 'स्तेइपा'; आज तिथं काँक्रीटलाही तोच शब्द. दोन्ही शब्द सगळ्यांच्या घरात होते, कामं वेगवेगळी वाटून घेतली.

आता हे चार शब्द नीट बघा. युतातला त, ग्यूदेत द. स्तोपातला प, स्तोबेत ब. हा योगायोग नव्हे. स्वरानंतर आलेले क, त, प डॅनिशमध्ये मऊ पडून ग, द, ब झाले. (पुढं सगळे शब्द स्पेलिंगनुसार देवनागरीत लिहितोय, उच्चार अजून ढिले आहेत.) रस्ता स्वीडिशमध्ये 'गाता', डॅनिशमध्ये 'गादे'. पुस्तक 'बोक', तिकडं 'बोग'. जाणणं 'वेता', तिकडं 'विदे'. आपला विद् धातू तो हाच. केक 'काका', तिकडं 'कागे'. (हो, स्वीडिशमध्ये काका म्हणजे केक. नातवंडांना सांगून दमलो.) हे आपल्याला नवीन नाही. संस्कृतातला घोटक प्राकृतातनं घोडा झाला, कीटकाचा किडा झाला, तो याच रस्त्यानं. डॅनिश माणूस तर पुढं जाऊन तो द पण बोलताना विरघळवून टाकतो.

असल्या जुळण्यांचा नियम बांधणारा पहिल्या काही लोकांतला एक डॅनिशच, रास्मुस रास्क. जुन्या नॉर्सचं मूळ शोधणारा त्याचा निबंध १८१८ साली छापला. आणि हा बाबा पुढं रशिया, इराण करत १८२० साली मुंबईत उतरला! पारशी मंडळींकडनं अवेस्ताच्या पोथ्या मिळवल्या, त्या कोपनहेगनला नेल्या. पेशवाई बुडून दोन वर्षं झालेली, त्या मुंबईत बसून हा माणूस झेंदचं, म्हणजे अवेस्ताच्या भाषेचं, व्याकरण जुळवत होता. मला त्याचं फार कौतुक.

इतिहासाचा उपयोग हा असा आहे. राजांची यादी पाठ करायची नाही. पण दोन-तीन घटना अशा आहेत की त्या माहीत नसल्या तर आजचे शब्दसंग्रह वेड्यासारखे वाटतात.

पहिली, हॅन्सा व्यापारी. ल्युबेक आणि त्या बाजूचे लो जर्मन (उत्तर जर्मनीतली भाषा) बोलणारे लोक बेर्गेनपासून स्टॉकहोमपर्यंत बाजार धरून बसले, शतकानुशतकं. आपल्याकडं बहमनी-आदिलशाहीत फारसीनं जे केलं ते तिकडं लो जर्मननं केलं. पैसे देणं, 'होणं' हे क्रियापद, भाषा हा शब्द, सगळं तिकडनं आलेलं: 'बेताला', 'ब्ली', 'स्प्रोक'. तुम्हाला 'बे' आणि 'फोर'नं सुरू होणारे जे शब्द सतत भेटतात त्यातले बहुतेक याच मालातले. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन तिघींनी ते घेतले म्हणून तिघी आज एकमेकींना कळतात. आइसलँड लांब राहिलं, तिथं चार विभक्ती, तीन लिंगं तशीच राहिली, आणि आज आइसलँडिक माणूस स्वीडिश माणसाला कळत नाही.

दुसरी, राज्यं. १३९७ ला काल्मारला तिन्ही राज्यांची एकी झाली, १५२३ ला स्वीडन त्यातनं कायमचं बाहेर पडलं. नॉर्वे मात्र डेन्मार्ककडं १८१४ पर्यंत राहिलं. त्यातच धर्मसुधारणा झाली: स्वीडनला स्वतःचं बायबल मिळालं १५४१ ला, डेन्मार्कला १५५० ला, आइसलँडला १५८४ ला. नॉर्वेला नाही. चर्चमध्ये, कचेरीत, शाळेत सगळीकडं डॅनिश. लेखी नॉर्वेजियन त्यात बुडाली.

तुमच्या 'दोन नॉर्वेजियन' इथनं निघतात. १८१४ नंतर प्रश्न आला, आपली लिहायची भाषा कुठली? एका बाजूनं डॅनिशलाच हळूहळू नॉर्वेजियन उच्चाराकडं वळवत नेलं, ती आजची बोकमोल. दुसऱ्या बाजूनं इवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८४० च्या दशकात गावोगाव पायपीट करत बोली गोळा करत फिरला, १८४८ ला व्याकरण दिलं, १८५० ला शब्दकोश. ती आजची नीनोर्स्क. १८८५ ला संसदेनं दोघींना समान दर्जा दिला, नावं ही आत्ताची १९२९ पासून. म्हणून बोकमोल म्हणजे डॅनिश अंगावर नॉर्वेजियन उच्चार, आणि म्हणूनच माल्मोकरांच्या मीटिंगमधला नॉर्वेजियन माणूस दोघांना कळतो. तुम्ही वाचायला बोकमोल धरा. नीनोर्स्क नंतर, पण टाकू नका. आइसलँडिककडं जाणारी वाट तिच्यातनं जाते. 'स्तेन'चं 'स्तेइन' व्हायला लागतं.

पहिल्या धड्यापासनं डॅनिश शिकू नका. 'माझं नाव अमुक' परत घोकण्यात वर्ष जाईल. बोलायला स्वीडिश एकच ठेवा, वाचायला बाकीच्या. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा या सगळ्या भाषांत फुकट मिळतो, मराठीतही. पहिलं कलम शेजारी शेजारी लिहा. स्वीडिश 'आल्ला मेनिस्कोर', डॅनिश 'आल्ले मेनेस्केर'. स्वीडिश 'लीका', डॅनिश 'लीगे', परत क चा ग. आणि आइसलँडिक? 'क्वेर मादुर', प्रत्येक माणूस. तो 'मेनिस्का' त्या ओळीत नाहीच. एका कलमात तुम्हाला हे सगळं दिसेल.

---

माल्मोकर

काका, दंडवत. पण मी अडून बसणार. हे सगळं वाचून माणूस हुशार होईल, स्टेशनवरची घोषणा काय कळणार नाही.

आणि त्या डॅनिश आकड्यांचं काय करायचं सांगा. स्वीडिशमध्ये सत्तर म्हणजे सरळ सात-दहा. डॅनिश म्हणतो 'हाल्व्हफ्येर्स'. पन्नास 'हाल्व्हत्रेस'. इथले स्वीडिश सहकारी आयुष्यभर दुकानात रक्कम ऐकून हतबल होतात. मी कार्ड पुढं करतो.

---

मोडीवाचक

अहो, तिथं तर मराठी माणसानं छाती काढून जावं!

'हाल्व्हत्रेस' हे 'हाल्व्हत्रेसिन्दस्त्यूवे'चं आखूड रूप, म्हणजे 'अर्धा तिसरा' वीसपट. अर्धा तिसरा म्हणजे अडीच. आपला अडीच पण संस्कृत अर्धतृतीयातनंच आलाय, तिसरा अर्धाच भरलेला. अडीच विसा पन्नास. 'हाल्व्हफ्येर्स' म्हणजे अर्धा चौथा, साडेतीन. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, दिडकी झाली की औटकी म्हणायला लावायचे. औट म्हणजे साडेतीन, अर्धचतुर्थ. औट विसा सत्तर. 'हाल्व्हफेम्स' अर्धा पाचवा, साडेचार विसा नव्वद. साठ तीन विसा, ऐंशी चार विसा. झालं की.

आणि एकक आधी, दशक नंतर, हे तर आपल्या रक्तातच आहे. आपण ब्याण्णव म्हणतो, दोन आधी. डॅनिश पण 'दोन-आणि-हाल्व्हफेम्स'. नॉर्वेत पूर्वी असंच होतं. १९५१ ला संसदेनं ठरवलं की यापुढं 'नव्वद-दोन' म्हणायचं. टेलिफोन नंबर सांगताना घोटाळे व्हायचे म्हणून टेलिफोन खात्याचा आग्रह. आपल्याकडं २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आलं तेव्हा किती धुरळा उडाला आठवतंय ना? नॉर्वेत इतकी वर्षं झाली तरी घरात दोन्ही चालतं.

तर माल्मोकर, कार्ड खिशात ठेवा आणि औटकी पाठ करा.

---

जर्मनवाली (शाहूपुरी)

मी जर्मन करते, बी-टू चालू आहे. दोन शंका. या यादीत फिनिश का नाही? फिनलँड पण नॉर्डिकच ना? आणि जर्मन येत असेल तर यात उडी घ्यावी का?

---

मोडीवाचक

बाळ, नॉर्डिक देश आणि नॉर्डिक भाषा यांत गल्लत नको. फिनिश वेगळ्या कुळातली, एस्टोनियन-हंगेरियनच्या गोतातली. १८०९ पर्यंत फिनलँड स्वीडनच्या राज्यात होतं, म्हणून स्वीडिश तिथं आजही राजभाषा आहे, एवढाच संबंध.

एवढाच म्हणालो, पण एक भारी गोष्ट आहे. फिनिशमध्ये राजाला 'कुनिंगास' म्हणतात. हा शब्द त्यांनी फार जुन्या काळी जर्मानिक शेजाऱ्यांकडनं उचलला, तेव्हा तो 'कुनिंगाझ' होता. देणाऱ्यांनी तो झिजवला: जुन्या नॉर्समध्ये 'कोनुंगर', आइसलँडिक 'कोनुंगुर', डॅनिश 'कोंगे', स्वीडिश 'कुंग'. घेणाऱ्यानं शेपटासकट जपला.

जर्मन येत असेल तर शब्द भराभर लागतील, वर सांगितलेला हॅन्सा माल तुझ्या ओळखीचा. क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायची शिस्तही तीच. जरूर घे उडी.

---

ओतकाम_शिरोली

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून हे सगळं वाचलं. 'स्तोपा' ऐकून आमच्या पॅटर्नवाल्यांना सांगितलं, ते म्हणे मॅडम मेणबत्तीचं पण कास्टिंगच की!

काका, दोन गोष्टी राहिल्या. एक, ड्रॉइंगमधल्या टिपांत क्रियापदाच्या शेवटी नुसता स लावतात, 'ब्रीतेस', म्हणजे कडा मोडल्या जाव्यात. नियम म्हणून पाठ आहे. हा स आला कुठनं? दुसरं, जुनी नॉर्स. खिचडी होईल का, हे सांगितलंच नाही तुम्ही.

---

मोडीवाचक

दोन्हीचं उत्तर एका दगडावर आहे.

डेन्मार्कमध्ये येलिंगला दोन रून-शिळा आहेत (रून म्हणजे तिकडच्या जुन्या लिपीतली अक्षरं). मोठी शिळा हाराल्ड ब्लूटूथनं इ. स. ९६५ च्या सुमारास उभी केली. (तुमच्या मोबाईलमधला ब्लूटूथ याच्याच नावाचा.) तिच्यावर सुरुवातीला जे खोदलंय ते अक्षराला अक्षर असं: 'हारल्त्र कुनुक्र बाथ कौर्वा कुब्ल थौसी आफ्त कुर्म फाथुर सिन औक आफ्त थौर्वी मुथुर सिना'.

घाबरू नका. त्या काळच्या लिपीत रून फक्त सोळा. आधी चोवीस होते, भाषेत आवाज वाढले आणि चिन्हं कमी केली! क आणि ग ला एकच चिन्ह, त आणि द ला एकच. म्हणून 'कुर्म' म्हणजे गोर्म, त्याचा बाप. 'कुनुक्र' म्हणजे कोनुंगर, अनुनासिक लिहिलेलंच नाही. मोडीत आपण ह्रस्व-दीर्घ पाळत नाही, दिन की दीन ते संदर्भानं ठरवतो. तेच कसब इथं. मी तर घरी आल्यासारखा वाचायला लागलो.

अर्थ: हाराल्ड राजानं ही स्मारकं करवली, आपला बाप गोर्म आणि आपली आई थ्यूरा यांच्यामागे. आता 'सिन' आणि 'सिना' बघा. बाप पुल्लिंगी म्हणून सिन, आई स्त्रीलिंगी म्हणून सिना. आपला बाप, आपली आई. इंग्रजीतनं शिकणारे इथं कायम ठेचकाळतात, 'हान्स' लावू की 'सिन'. तुम्ही 'त्याचा' आणि 'आपला' यांत कधी गोंधळता का? नाही ना. मग स्वीडिशमध्येही गोंधळू नका, मराठीत विचार करा आणि लिहा. नपुंसकलिंगही आपल्याकडं आहे, हिंदीवाल्यांकडं नाही.

त्याच 'सिन'च्या घरातला 'सिक', म्हणजे स्वतःला. जुन्या नॉर्समध्ये तो क्रियापदाला चिकटायला लागला. आइसलँडिकमध्ये त्याचा 'स्त' झाला, तुमच्याकडं झिजून नुसता स. 'स्वतःला मोडतं'चं 'मोडलं जातं' झालं. तुमच्या ड्रॉइंगवरचा स हा असा.

खिचडीचं म्हणाल तर, व्याकरण पहिल्या पानापासनं घेऊन बसलात तर नक्की होईल, रूपांचे तक्ते बघून पुस्तक मिटाल. त्यापेक्षा एक छोटा लेख घ्या, असा दगडावरचा, आणि प्रत्येक शब्दाचा आजचा वारस स्वीडिशमध्ये शोधा. 'फाथुर' तुमचा 'फार', 'मुथुर' तुमची 'मूर', 'औक' तुमचं 'ओक'. एका ओळीला एक रविवार लागू दे. पुढं आइसलँडिकचा आधार घ्या. आइसलँड विद्यापीठाचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे. तिथली विभक्तिरूपं कळली की जुनी नॉर्स वेगळी शिकावी लागत नाही, उच्चार तेवढे वेगळे.

पुढची ओळ मी अर्थ न सांगता देतो: 'सा हारल्त्र यास सार वान तान्मौर्क आला औक नुर्वियाक'. ताई, लावून बघा.

---

ओतकाम_शिरोली

लावते. 'तान्मौर्क' डान्मार्क, त चा द केला. 'नुर्वियाक' नॉर्वे. 'वान' म्हणजे जिंकलं, स्वीडिश 'वान' तसाच आहे! 'आला' म्हणजे सगळा. 'औक' आणि. 'सा हारल्त्र', तो हाराल्ड. 'यास' म्हणजे 'ज्यानं' असावं. 'सार' अडलंय. 'सिक'च्या घरातला?

---

मोडीवाचक

हो, 'सार' म्हणजे स्वतःसाठी, चतुर्थी म्हणा. ज्यानं स्वतःसाठी सगळा डेन्मार्क जिंकला, आणि नॉर्वे. 'आला'चा शेवट स्त्रीलिंगी आहे, कारण 'मौर्क' स्त्रीलिंगी. तेवढं वहीत लिहा. या ओळीनंतर आणखी थोडं आहे, डॅनिश लोकांना ख्रिस्ती केल्याचं. ते पुढच्या रविवारी.

---

माल्मोकर

ठीक आहे, दगड काकांकडं, कान माझ्याकडं. ताई, शनिवारी संध्याकाळी इकडं सहा वाजता मोकळा असतो, उन्हाळ्यात तुमचे साडेनऊ. मी डॅनिश बातम्यांचा एक-एक तुकडा लावतो, तुम्ही ऐकून जे लागेल ते स्वीडिशमध्ये सांगा. जर्मनवाली, तू पण ये. काकांनी यायचं असेल तर यावं, पण मधे रास्क काढायचा नाही.